सरकीची लव आणि इंजिन धुणारी बाई

मलकापूरच्या दोस्तांनो, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की एक सरकी हातात घेऊन नीट बघा. यंत्राने रुई ओढून काढली, तरी सरकीवर आखूड, मऊ लव उरतेच. तिचं सूत निघत नाही. मग ती काय कामाची? फोटो काढायच्या कामाची!

विश्वास बसत नाही? मग १९४३ सालचा एक रंगीत फोटो बघू. अमेरिकेतल्या क्लिंटन गावचं इंजिनघर. एक बाई गरम वाफेचा फवारा मारून भलंमोठं रेल्वे इंजिन धुते आहे. जॅक डेलानो यांनी तो टिपला. त्याच्या आदल्या वर्षी आल्फ्रेड पामर यांनी लाँग बीचच्या कारखान्यात बॉम्बफेकी विमानं जोडणाऱ्या बायकांचे फोटो काढले. दुसरं महायुद्ध चालू होतं. पुरुष सैन्यात गेले आणि कारखान्यांत बायका आल्या.

हे फोटो कोडाक्रोम नावाच्या फिल्मवर काढलेले. अशा फिल्मची पारदर्शक पट्टी सेल्युलोजपासून बनते. सेल्युलोज लाकडात असतं, पण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच! म्हणून सरकीची लव फिल्मवाल्यांना हवीहवीशी. अ‍ॅसिटिक आम्लाच्या घराण्यातली रसायनं तिच्यावर घातली, की पांढऱ्या लवेचं काचेसारखं स्वच्छ प्लास्टिक तयार होतं.

त्यावर तीन पातळ थर. एक लाल प्रकाश टिपतो, एक हिरवा, एक निळा. गंमत म्हणजे कोडाक्रोममध्ये रंग आधी नसायचेच! फिल्म धुताना पिवळा, किरमिजी आणि आकाशी असे तीन रंग एकेका थरात भरायचे. रंग बनवणारं रसायन मागे उरत नसे, म्हणून अंधारात ठेवलेले हे फोटो ऐंशी वर्षांनीही टवटवीत दिसतात.

आता याच लवेवर अ‍ॅसिटिकऐवजी नायट्रिक आम्ल वापरलं तर? भडकन पेटणारा स्फोटक कापूस! पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या ग्रेटना इथे हजारो तरुणी तोफांची दारू बनवत होत्या. त्यासाठी हा कापूस नायट्रोग्लिसरीन नावाच्या स्फोटक द्रवात चक्क हातांनी कालवावा लागे. सिनेमाच्या जुन्या फिल्मही याच जातीच्या, त्यामुळे त्यांना आगी लागत. म्हणून तर अ‍ॅसिटिकवाली फिल्म आली आणि तिचं नावच पडलं ‘सेफ्टी फिल्म’.

घरी जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या असतील, तर आजीला विचारून पाकीट उघडा आणि हळूच वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर समजा, पट्टीतलं अ‍ॅसिटिक आम्ल सुटून बाहेर पडतंय. असे फोटो लगेच स्कॅन करून ठेवायला सांगा. उशीर केला, तर पट्टी आक्रसेल आणि फोटोतली माणसं वेडीवाकडी होतील!