नाव नेत्याचं, ओझं पोराच्या डोक्यावर! नाव बदलायचं तर काय करावं लागतं?

तलवाडा (ता. गेवराई) : बारसं एका दिवसात उरकतं, पण नाव जन्मभर हाक मारतं. लाडक्या नेत्याचं नाव पोराला दिलं आणि पुढे त्याच नेत्याला लोक शिव्या घालू लागले, तर ऐकून घ्यावं लागतं पोरालाच.

तमिळनाडूचे एम. के. स्टॅलिन यांचंच बघा. जन्म १ मार्च १९५३ चा. चार दिवसांनी सोव्हिएत नेता स्टॅलिन वारला आणि वडील करुणानिधींनी मुलाला त्याचंच नाव दिलं. पुढे १९५६ मध्ये खुद्द सोव्हिएत नेत्यांनीच त्या स्टॅलिनचे अत्याचार उघड केले. १९६१ मध्ये स्टालिनग्राड शहराचंही नाव बदललं. मुलाचं नाव मात्र तेच राहिलं, आणि २०२१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. नामिबियात तर २०२० च्या निवडणुकीत अॅडॉल्फ हिटलर उनोना नावाचा उमेदवार निवडून आला. हिटलर कशाचं प्रतीक होता हे वडिलांना बहुधा कळलंच नसावं, असं त्यांनी सांगितलं.

आपल्याकडे नेत्याच्या नावापेक्षा जास्त बोचलं ते ‘नकोशी’ हे नाव. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून ठेवलेलं. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवीन नावं देण्यात आली. म्हणजे नाव बदलता येतं.

मग करायचं काय?

● जन्मनोंदीत बाळाचं नावच टाकलेलं नसेल, तर नोंद झालेल्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात जा. वर्षाच्या आत फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव टाकता येतं.

● पोरगं शाळेत असेल तर आधी मुख्याध्यापकांना भेटा. रजिस्टरमधल्या बदलाला शिक्षण विभागाची मंजुरी लागते.

● पूर्ण नाव बदलायचं तर महाराष्ट्र शासन राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, जाहिरात द्या. अर्ज ऑनलाइन होतो. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांनी अर्ज करायचा.

● गॅझेट हातात आलं की आधार, पॅन, बँक पासबुक, सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा. आधारवर नाव फक्त दोनदाच बदलता येतं, म्हणून घाई नको.

आणि बारशाला नाव ठेवताना एवढाच विचार करा : नेता आज आहे, उद्या नाही. वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणायचंय ते तुमच्या पोराला.