हरणाऱ्या संघाचे भवितव्य

2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत सुरतेच्या वाट्याला टेबल टेनिस आणि बॅडमिंटन आले, तर बास्केटबॉलचे सामने भावनगरला झाले. मानव ठक्कर, हरमीत देसाई यांच्यासारखे टेबल टेनिसपटू घडवणाऱ्या सुरतेतील बास्केटबॉलप्रेमी आपली निष्ठा दूरच्या, प्रसंगी सतत हरणाऱ्या, अमेरिकी संघांना वाहतो, यात म्हणूनच नवल नाही.

एनबीए या 30 संघांच्या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण होत नाही. उलट ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला क्रमांक सोडतीने ठरतो आणि सर्वांत दुबळ्या तीन संघांना त्याची प्रत्येकी 14 टक्के संधी मिळते. तीन वेळा विजेता ठरलेला डेट्रॉइट पिस्टन्स 2023-24 मध्ये सलग 28 सामने हरला व हंगामात अवघे 14 जिंकू शकला, परंतु 2021 च्या ड्राफ्टमधून प्रथम क्रमांकाने आलेल्या केड कनिंगहॅमभोवती संघ उभा राहिल्यावर पुढच्याच हंगामात त्याने 44 विजय मिळवले.

भारतात मात्र पराभूत संघाआधी लीगच कोसळते. 2015 मध्ये सुरू झालेली यूबीए ही बास्केटबॉल लीग काही हंगामांतच थांबली आणि तिच्याबरोबर मुंबई चॅलेंजर्स व पुणे पेशवाज हे संघही पडद्याआड गेले. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला पुढल्या वर्षाची आशा जगवते. भारतीय चाहत्याला मात्र पुढले वर्ष मिळण्याचीच शाश्वती नसते.