लिनक्स बसवताना स्क्रीन काळी पडली तर

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना कॉम्प्युटर भंगारात न देता त्यावर लिनक्स मिंट बसवावे, असे आपल्यापैकी काही जण म्हणतात. पेनड्राइव्हवरून मेनू येतो आणि पुढे स्क्रीन काळी! मशीन पीपलरावांहून देवासला नेण्याआधी हे करून पाहावे.

सर्वांत आधी फोटो, वंशावळ, पेन्शनचे कागद यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय घाईत निवडला की सगळे जाते. बँकेत आम्ही दिवसअखेरचा बॅकअप झाल्याशिवाय घरी जात नसू. घरीही तोच नियम.

मशीन बहुधा बिघडलेले नसते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू होतानाच ग्राफिक्स कार्डाचा ताबा घेतो आणि एनव्हिडियाच्या काही कार्डांशी त्याचे जुळत नाही.

१. मेनूत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडून पाहावा.
२. जमले नाही तर पहिल्या ओळीवर थांबून ‘ई’ची कळ दाबावी. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वायट स्प्लॅश’नंतर जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत सलग लिहावा आणि एफ १० दाबावे.
३. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. लिनक्स बसवून घ्यावे.
४. पहिल्यांदा सुरू करताना पुन्हा अंधार झाला तर शिफ्ट किंवा एस्केप दाबून मेनू आणावा व दुसरी पायरी करावी.
५. इंटरनेट जोडून ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून शिफारस केलेला ड्रायव्हर घ्यावा आणि मशीन पुन्हा सुरू करावे. चित्र स्वच्छ दिसू लागेल.