इन्सुलिन घ्यायला शिकवताना

इन्सुलिन सुरू करताना रुग्णाला चिठ्ठीइतकीच शिकवणीचीही गरज असते. अमेरिकेतील डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९१८ मध्ये, इन्सुलिनचा शोध लागण्याआधीच, मधुमेहींसाठी माहितीपुस्तिका काढली होती.

भारतात सर्वांत घातक गोंधळ सिरिंजचा होतो. इथे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. ४० ची सिरिंज सहसा लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात ५० युनिट जातात. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी पाहायलाच हवे.

दुसरी चूक जागेची. बेंबीभोवती दोन बोटे जागा सोडून पोटावर, किंवा मांडीवर, सुई दर वेळी थोडी सरकवून टोचावी. एकाच जागी टोचत राहिल्यास चरबीच्या गाठी होतात. तिथे दुखत नाही म्हणून रुग्ण तीच जागा निवडतो, पण तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. नर्स व डॉक्टरांनी या गाठी नुसत्या नजरेने नव्हे, हाताने चाचपून तपासाव्यात.

घाम, थरथर, धडधड ही साखर उतरल्याची लक्षणे घरातल्यांनाही माहीत हवीत. साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.