दात सरकतात कसे?

दातांना तारा बसवलेले दोन-चार जण तुमच्या वर्गात असतीलच. साधारण दीड-दोन वर्षांत त्यांचे वेडेवाकडे दात सरळ रांगेत येतात. पण दात तर जबड्याच्या हाडात पक्के रोवलेले! भिंतीत ठोकलेला खिळा तारेने ओढून बाजूला सरकवता येईल का? मग दात कसा सरकतो?

आता आणखी एक गंमत पाहा. मऊ भात चावताना दाढेवर एक-दोन किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. कठीण वस्तू फोडताना ते ५० किलोग्रॅम वजनापर्यंत, म्हणजे सुमारे ४९० न्यूटनपर्यंत जाऊ शकते. तरी दाढ जागची हलत नाही. उलट दात सरकवायला तारेचे बल लागते ते साधारण ५० ते १०० ग्रॅम वजनाइतके, म्हणजे अर्धा ते एक न्यूटन! असे का?

याचे उत्तर बलात नाही, ते किती वेळ टिकते यात आहे. दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. दोहोंमध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि द्रव असतो. घास चावताना बल क्षणभरच टिकते. तेवढ्यात द्रव बाहेर निसटू शकत नाही आणि तो मोटारीच्या शॉक अॅब्सॉर्बरप्रमाणे धक्का झेलतो. पण हलके बल रोज निदान सहा-एक तास टिकले, तर थराच्या एका बाजूवर दाब आणि दुसऱ्या बाजूवर ताण राहतो. दाबाच्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी गोळा होतात. ताणाच्या बाजूला हाड घडवणाऱ्या पेशी कामाला लागतात. पुढे वाट मोकळी होते, मागची जागा भरत जाते आणि दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते.

मग बल दुप्पट केले तर दात निम्म्या वेळात सरळ होतील का? नाही. १९३२ साली श्वार्झ यांनी मर्यादा सांगितली : मुळावरचा दाब केशवाहिन्यांतील रक्ताच्या दाबाहून, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅमहून, अधिक नसावा. अधिक झाला तर केशवाहिन्या मिटतात, तेथील पेशी मरतात आणि दात अडकून बसतो. कधी कधी मूळही झिजते.

म्हणून तारेची निवड महत्त्वाची. हूकचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. पोलादी तार दाताला बांधली की आरंभी ती जोराने ओढते आणि दात जरासा सरकताच ढिली पडते. निकेल आणि टिटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या आधुनिक तारा मात्र सरळ होताना बराच वेळ जवळजवळ सारखेच बल देतात.

हाच नियम दात बिघडवतोही. कायमचे दात आल्यावरही अंगठा चोखण्याची सवय राहिली, तर ते हलके पण तासन्‌तास टिकणारे बल पटाशीचे दात पुढे ढकलते. असे दात खेळताना पडल्यावर लवकर तुटतात. दातांमधली फट बुजवण्यासाठी घरचे रबरबँड तर कधीही लावू नका! दाताचे मूळ निमुळते असते. रबर त्यावरून हिरडीच्या आत घसरत जाते, तंतू नष्ट करते आणि चांगला दात गळून पडू शकतो.

सहाव्या-सातव्या वर्षी पहिल्या कायमच्या दाढा येतात. वरची आणि खालची दाढ एकमेकींवर कशा बसतात, यावरून एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या बसणीतील दोषांचे तीन वर्ग पाडले. म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी व्हावी. ‘लग्नाच्या वेळी पाहू’ असे पुष्कळ घरांत म्हणतात. दात मोठेपणीही सरकतात. पण जबडाच फार मागे किंवा पुढे असेल, तर वाढीच्या वयात त्याला वळण लावता येते. वाढ संपल्यावर अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. खर्चाची अडचण असेल, तर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. पुण्यात धनकवडीला १९८९ पासून भारती विद्यापीठाचे असे महाविद्यालय आहे; कॅम्पातही रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. तेथे तज्ज्ञ अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होतात.

तारा निघाल्या म्हणजे काम संपले असे मात्र नाही. ताणलेले तंतू नव्या जागी स्थिरावायला बरेच महिने लागतात. तोवर ते दाताला मागे खेचू पाहतात. म्हणून डॉक्टर दात जागेवर धरून ठेवणारे साधन देतात. ते कंटाळून कपाटात टाकले, तर दोन वर्षांची मेहनत वाया जाते. तारा असेपर्यंत चिक्की, ऊस आणि कडक बाकरवडी यांना रजा द्या, प्रत्येक जेवणानंतर दात घासा आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.