झाकण मिटलं, गाणं चालू

मोटारीत गाणी ऐकायची तर एकेकाळी कॅसेटींचा डबा मांडीवर घेऊन बसावं लागे. फीत अडकली की चाकात पेन्सिल घालून ती गुंडाळायची, हाही प्रवासाचाच भाग होता. आता बहुतेकांची गाणी मोबाइलमध्ये असतात. तरीही ज्यांनी वर्षानुवर्षं गाणी, भाषणं, घरच्यांचे आवाज लॅपटॉपमध्ये साठवले, त्यांना कधीतरी वाटतंच की हे जुनं यंत्र गाडीत ठेवावं, झाकण मिटावं आणि गाणं चालू राहावं. हे करता येतं. पण मिटलेल्या झाकणाआड काय चाललेलं असतं हे ठाऊक नसेल, तर काय होतं ते मी अनुभवलं आहे.

माझ्याकडे अम्माच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांच्या दहा कॅसेटी होत्या. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण जात्यावर बसलं की अम्माची भाषा शेजारणींची मराठी व्हायची. तिच्या पश्चात मी त्या कॅसेटी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतल्या आणि मूळ कॅसेटींना बुरशी लागली म्हणून त्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. तासाभराची कॅसेट साध्या एमपीथ्रीमध्ये जेमतेम ५८ एमबी जागा घेते. म्हणजे दहाच्या दहा कॅसेटी एका सीडीत मावल्या असत्या. ती सीडी मी केली नाही. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो.

पुढे त्या लॅपटॉपचा पडदा गेला. यंत्र धडधाकट, फक्त दिसायचं काही नाही. मग मनात आलं, झाकण मिटूनच वापरू. २०१६ च्या मे महिन्यात मोठ्या बहिणीला, आपाला, घेऊन पुण्याहून साताऱ्याकडे निघायचं होतं. वाटेत तिला अम्माचा आवाज ऐकवायचा होता.

पहिली अडचण अशी की झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. हे त्याला कळतं कसं? झाकणाच्या कडेला एक इवलासा लोहचुंबक बसवलेला असतो आणि कीबोर्डाच्या बाजूला तो ओळखणारा संवेदक. चुंबक जवळ आला की संवेदकातला विद्युतदाब बदलतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८७९ मध्ये हा परिणाम शोधला, म्हणून त्याला हॉल परिणाम म्हणतात. मनगटावर चुंबकाचं कडं घालून टाइप करणाऱ्यांचा पडदा मधेच विझतो, तो याच कारणानं. यंत्राला वाटतं, झाकण मिटलं.

पण झोपायचं की जागं राहायचं, हा निर्णय त्या चुंबकाचा नसतो. तो आपण ठरवू शकतो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडलं की झाकण मिटल्यावर काय करायचं असा पर्याय सापडतो. तिथं बॅटरीवर असताना आणि चार्जर लावलेला असताना, अशा दोन्ही जागी ‘डू नथिंग’ निवडायचं. शिवाय काही मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप झोपण्याची वेगळी वेळ ठरवलेली असते. ती ‘नेव्हर’ करायची. नाहीतर दोन गाणी होतात आणि तिसऱ्याला शांतता. ॲपलचे लॅपटॉप मात्र झाकण मिटून चालायला साधारणपणे बाहेरचा पडदा, कीबोर्ड, माऊस आणि वीज मागतात, त्यामुळे गाडीत त्यांचा उपयोग अवघड. माझा पडदा गेलेला होता, म्हणून मी घरच्या टीव्हीला तार जोडून ही सगळी व्यवस्था केली आणि गाण्यांचा क्रमही लावून ठेवला. गाडी चालवताना झाकण उघडून गाणं बदलणं म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे, बरं का. क्रम घरीच लावावा, किंवा शेजारी बसलेल्याच्या हाती छोटा बिनतारी कीबोर्ड द्यावा.

दुसरी गोष्ट विजेची. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकातून १२ व्होल्ट मिळतात. जुन्या लॅपटॉपला लागतात १९ च्या आसपास. इन्व्हर्टर लावला तर १२ चे आधी २३० होतात आणि चार्जर पुन्हा त्याचे १९ करतो. या दोन उड्यांत बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. थेट १२ चे १९ करणारा मोटारीचा चार्जर बरा.

तिसरी गोष्ट आवाजाची. इअरफोनच्या भोकातून निघालेली तार गाडीच्या ‘ऑक्स’मध्ये गेली की गाणं सुरू होतं. ज्यांच्या गाडीत अजून कॅसेटचं यंत्र आहे, त्यांच्यासाठी कॅसेटच्याच आकाराचा, तार जोडलेला अडॅप्टर असतो. मात्र चार्जर आणि तार दोन्ही एकदम लावले की कधीकधी गाण्यामागे बारीक शिट्टी ऐकू येते आणि गाडीचा वेग वाढला की तीही वर चढते. लॅपटॉप बिघडलेला नसतो. चार्जर आणि ऑक्सची तार या दोन वाटांनी अर्थिंगचं वर्तुळ तयार होतं आणि इंजिनावर चालणाऱ्या जनित्राचा गोंगाट त्यातून गाण्यात शिरतो. चार्जर काढून पाहावा. शिट्टी थांबली तर निदान पक्कं. ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी तारेत बसवली की काम भागतं.

इथवर सगळं मी नीट केलं होतं. चूक पुढे झाली. रस्त्याचे धक्के बसू नयेत म्हणून मी लॅपटॉप गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला. मायेनं ठेवला, पण त्याचा श्वासच कोंडला. लॅपटॉपचा पंखा बहुधा खालून हवा आत ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटींतून गरम हवा बाहेर टाकतो. कीबोर्डातूनही थोडी उष्णता निघते, ती वाट झाकणानं आधीच बंद केलेली असते. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत यंत्र वापरा असं सांगतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढतं. आम्ही वाटेत जेवायला थांबलो तेव्हा लॅपटॉप चालूच होता.

खंबाटकीचा घाट चढताना आवाज थांबला. आपा म्हणाली, “अरे, अम्मा गप्प का झाली?” मी म्हणालो, “आपा, मशीन तापलंय वाटतं.” गाडी बाजूला घेऊन गोधडी सोडली, तर आतून टक्‌टक् असा आवाज येत होता.

तो हार्ड डिस्कचा आवाज. जुन्या लॅपटॉपमध्ये माहिती एका फिरत्या तबकडीवर असते. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावर वाचणारं डोकं केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असतं. खड्ड्यात चाक आपटलं आणि ते डोकं तबकडीला टेकलं, तर तिथली माहिती खरवडून निघते. झाकण मिटून यंत्र झोपलेलं असतं तर तबकडी थांबलेली असती आणि डोकं जागेवर जाऊन बसलं असतं. मी तर तिला मुद्दाम जागं ठेवलं होतं. हादरा ओळखून डोकं बाजूला घेणारी सोय आयबीएमनं थिंकपॅडमध्ये २००३ मध्ये आणली, पण सगळ्या लॅपटॉपमध्ये ती नसते. आताच्या एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे धक्क्याची ही भीती उरत नाही. उष्णतेची उरतेच.

दुरुस्तीवाल्यानं महिनाभर खटपट करून दहापैकी सात कॅसेटी परत मिळवून दिल्या. तीन गेल्या त्या गेल्याच. त्यांतल्या एकीत अम्मा आपाचं नाव घेऊन ओवी गाते, ती आता फक्त आपाला आठवते.

म्हणून सांगतो. लॅपटॉप गाडीत जरूर वाजवा, पण आधी त्यातल्या मोलाच्या गोष्टींच्या दोन प्रती करा. एक घरी ठेवा आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी. गाडीच्या यंत्राला पेनड्राइव्ह चालत असेल तर सरळ तोच लावा. लॅपटॉपच लागत असेल तर एसएसडीवाला घ्या. तो डॅशबोर्डवर ठेवू नका, कारण अचानक ब्रेक लागला तर दोन किलोचं यंत्र दगडासारखं सुटतं. सीटखाली किंवा पायापाशी, घसरणार नाही असा, फटी मोकळ्या सोडून ठेवा. गाडी उन्हात उभी करणार असाल तर लॅपटॉप बंद करून सोबत न्या. आणि घरी आल्यावर झाकणाची व्यवस्था पूर्ववत करा. नाहीतर झाकण मिटलं म्हणजे झोपला असं समजून तुम्ही तो पिशवीत टाकाल आणि तो आत जागाच राहून तापत राहील.

त्या सात कॅसेटींच्या प्रती आता आम्हा चारही भावंडांकडे आहेत. आपाच्या घरी पेनड्राइव्ह आहे. गाडीत बसली की ती स्वतःच्या हातानं तो लावते.