संध्याकाळी सातची भूक

संध्याकाळचे सात वाजलेत. ऑफिसातून आलेल्या आईने अजून पर्सही खाली ठेवलेली नाही. कुकर लावायचाय, मोठ्याचा गृहपाठ राहिलाय, धाकटी पायाला बिलगून रडतेय आणि फोनवर उद्याच्या मीटिंगचे मेसेज येताहेत. ओट्याशी उभ्या उभ्याच तिचा हात फरसाणाच्या डब्यात जातो. एक मूठ, दुसरी मूठ, तिसरी. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत डबा अर्ध्यावर येतो. नंतर मुलांबरोबर जेवण होतं ते होतंच, शिवाय त्यांच्या ताटात उरलेली पोळी आणि दोन घास भात ‘वाया जायला नको’ म्हणून पोटात जातो. बाबांचंही फार वेगळं नसतं. गाडीतून उतरल्यावर स्टेशनबाहेर वडापाव आणि रात्री सगळी निजानीज झाल्यावर मोबाइल बघत शेव किंवा आइस्क्रीम.

दुसऱ्या दिवशी दोघंही स्वतःला बोल लावतात. ‘जिभेवर ताबाच नाही,’ ‘उद्यापासून गोड बंद,’ ‘सोमवारपासून डाएट.’ पण या खाण्याचं मूळ जिभेत नाही. दिवसभराचा ताण, अपुरी झोप, दुपारी घाईत उरकलेलं जेवण आणि स्वतःसाठी न उरलेला वेळ हे सगळं एकत्र येऊन संध्याकाळी भुकेचं रूप घेतं. म्हणून दुरुस्तीही तिथेच करायला हवी.

शरीरात काय होतं?

अचानक संकट आलं की भूक मरते, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. ताण रोजचाच झाला की मात्र उलट घडतं. शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक चढं राहतं आणि गोड, तेलकट, तुपकट पदार्थांची ओढ वाढते. असं खाल्ल्यावर ताणाची धार थोडा वेळ बोथट होते, असं कॅलिफोर्नियातल्या मेरी डॅलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं. थोडा वेळ का होईना, बरं वाटतं, म्हणूनच पुढच्या वेळी हात पुन्हा त्याच डब्याकडे वळतो.

झोपेचा हिशेब तर आणखी स्पष्ट आहे. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या एका वेळी दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात राहू दिलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी झोपेनंतर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळलं, तर ‘पोट भरलं’ असं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी. भूक तर वाढलीच, पण सर्वांत जास्त ओढ गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची होती. तान्ह्या बाळासाठी रात्री तीनदा उठणाऱ्या किंवा पहाटे पाचला उठून डबे करणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी केवळ निर्धाराच्या जोरावर बिस्किटाच्या पुड्याला नाही म्हणावं, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

तिसरं कारण म्हणजे कडक बंदी. टोरांटो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी वर्षानुवर्षं हे अभ्यासलं. खाण्यावर सतत लगाम घालणाऱ्यांचा नियम एकदा मोडला की ते इतरांपेक्षा जास्त खातात. ‘नियम मोडलाच आहे, तर आज खाऊन घेऊ, उद्यापासून बघू,’ हा विचार आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे.

भूक कशाची, हे ओळखा

खरी भूक हळूहळू लागते आणि समोर येईल ते चालवून घेते. मनाची भूक एकाएकी उसळते आणि तिला ठरावीकच काहीतरी हवं असतं. डब्याकडे हात जाताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आत्ता गरम वरण-भात वाढला तर मी खाईन का? ‘हो’ असेल तर खरंच जेवायची वेळ झालेली आहे, जेवून घ्यावं. ‘नाही, मला चिवडाच हवा’ असं उत्तर आलं, तर शरीर बहुधा काहीतरी वेगळं मागतंय : विश्रांती, शांतता किंवा दोन शब्द बोलायला कुणीतरी.

संध्याकाळ कशी बदलायची?

सुरुवात घरी पोचण्याआधी करावी. ऑफिस सुटताना मूठभर फुटाणे-शेंगदाणे, एखादं केळं किंवा उकडलेलं अंडं खाल्लं, तर सातची भूक एवढी अनावर होत नाही. त्यासाठी दुपारचा डबाही पुरेसा हवा. एक पोळी आणि दोन चमचे भाजीवर दिवस काढला, तर शरीर संध्याकाळी सगळी वसुली करतं. डब्यात मटकीची उसळ, वरण, दही, पनीर किंवा अंडं यांपैकी काहीतरी असावं.

घरात फरसाण असायला हरकत नाही, पण ते किलोने आणू नये आणि ओट्यावर ठेवू नये. खायचंच असेल तर वाटीत काढून, खाली बसून खावं. मुलांना आधी थोडंच वाढावं, लागलं तर पुन्हा घेऊ द्यावं. तरीही उरलंच तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावं. पानात टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे, पण तो पाळण्याचा भार एकट्या आईच्या पोटावर नको.

रात्रीचं खाणं हा सर्वांत नाजूक भाग. मुलं झोपल्यावर मिळणारा अर्धा तास हाच दिवसातला पहिला स्वतःचा वेळ असतो आणि त्यात खाणं हाच सोपा विरंगुळा उरतो. तो वेळ सोडू नये, फक्त त्यात दुसरं काही आणावं : मैत्रिणीला फोन, आवडीची गाणी, गच्चीवर एक फेरी. नाहीतर सरळ झोपावं. बऱ्याच वेळा खरी गरज तीच असते.

नवी सवय एका वेळी एकच लावावी आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधावी. ‘घरी आल्यावर आधी हात-पाय धुऊन पाणी पिईन आणि दहा मिनिटं बसेन’ असा नेमका संकल्प ‘आता नीट खाईन’ यापेक्षा जास्त टिकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ लागले, तर कुणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. एका रात्रीच्या शेवेने काही वाया जात नाही, हे मनाशी पक्कं धरावं.

भार वाटून घ्या

ती दहा मिनिटं बसायला मिळण्यासाठी मात्र मुलाला कुणीतरी घ्यावं लागतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८. ही तफावत असताना ‘स्वतःची काळजी घे’ असं बाईला सांगणं अपुरं आहे. संध्याकाळचा कुकर, गृहपाठ आणि रडणारं मूल यांची वाटणी घरात उघडपणे बोलून व्हायला हवी.

खाण्याने मन शांत करण्याची सवय मोडणं मुलांसाठीही गरजेचं आहे. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पाच ते सात वर्षांच्या मुलांना चित्र रंगवायला दिलं, पण लागणारा एक रंगखडू मुद्दाम गायब ठेवला. हिरमुसलेल्या मुलांसमोर मग खाऊ आणि खेळणी ठेवली. ज्यांच्या पालकांनी दोन वर्षांपूर्वी खाऊ बक्षीस म्हणून वापरला होता, ती मुलं अशा वेळी खाऊकडे जास्त वळली. म्हणून रडणाऱ्या मुलाला बिस्कीट देण्याआधी जवळ घ्यावं आणि काय झालं ते विचारावं.

हे सगळं करूनही आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा ताबा सुटून खूप खाल्लं जात असेल, ते लपवावंसं वाटत असेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. १४४१६ ही ‘टेली मानस’ची सरकारी मदतवाहिनी मोफत आहे. आणि तशी वेळ आली नसेल, तर आज एवढंच करा : उद्याच्या पर्समध्ये फुटाण्यांची पुडी ठेवा आणि संध्याकाळी ती दहा मिनिटं कोण कुणाला देणार, हे रात्रीच्या जेवणावर ठरवून टाका.